राजगड–तोरणा धार: ढाण्याचे पंजे, ओले बूट आणि उलटा मार्ग

सिंहगड–राजगड–तोरणा ही सलग चाल ढाण्या आणि मिरी या माझ्या दोन्ही कुत्र्यांसह पूर्ण करण्याचा बेत या वेळी भुतोंड्याच्या खिंडीत थांबवावा लागला. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून आम्ही खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर पोहोचलो, तेव्हा ढाण्या मागचा उजवा पाय टेकवेनासा झाला होता. बूट काढून पाहिले, तर मधल्या दोन बोटांच्या गाद्यांवरची जाड कातडी कडेने सुटून लोंबत होती आणि आतला गुलाबी थर उघडा पडला होता. मिरी त्याच वाटेने, त्याच पावसात, एकही बूट न घालता आली होती आणि तिचे चारही पंजे ठणठणीत होते. ही तफावत कशामुळे पडली, याचा शोध घेण्यातच त्यानंतरचा सगळा काळ गेला आहे आणि आता हाती काही ठोस लागले आहे, म्हणून ही नोंद.

आधी जे जमले ते सांगते. मागच्या नोंदीत ‘मागे’ या आज्ञेविषयी लिहिले होते. उतारावर कुत्रा पुढे राहून कमरेच्या पट्ट्याला ओढ देऊ लागला, की आपला तोल जातो, विशेषतः मुरमाच्या घसाऱ्यावर; म्हणून उतार आला की कुत्र्याने आपल्या मागे यायचे, हा धडा गेले कित्येक महिने केटूएसच्या, म्हणजे कात्रज ते सिंहगड वाटेवरच्या, टेकड्यांवर गिरवून घेत होते. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याखालचा संपूर्ण उतार ढाण्याने माझ्या टाचेमागे राहून उतरला. वाटेत गुरे आडवी आली तरी तो जागचा हलला नाही. अठ्ठावीस किलोचा, मुळात ओढण्याचीच हौस असलेला हा कुत्रा असे चालतो आहे, याचा आनंद मला राजगडाच्या पायथ्यापर्यंत पुरला.

हवामान परतीच्या पावसाचे होते. सकाळी खोऱ्यात धुके, दहानंतर चटका देणारे ऊन आणि दुपार कलली की मुरुंबदेवाच्या डोंगरावर, म्हणजे राजगडावर, ढग दाटून गडगडाट. अशा दिवशी कुत्र्याची दुहेरी परीक्षा होते. कुत्रा शरीर थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याचे बाष्पीभवन करून. सर उघडल्यावर ऊन पडते तेव्हा हवेत इतका दमटपणा असतो, की धापांचा उपयोग कमी होतो. त्यामुळे मी ऊन उघडले की वेग कमी करते आणि सावलीत थांबे घेते. ढाण्याला या वेळी उष्म्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो पायांचा.

आता मूळ प्रश्न. कुत्र्याच्या पंजाची गादी म्हणजे बाहेरून जाड, खडबडीत, केराटिनयुक्त कातडी आणि आत चरबीचा मऊ थर. कोरड्या कातळावर ही कातडी उत्तम टिकते. उन्हाळ्याच्या आधी, सकाळच्या वेळी, जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडाच्या घाटरस्त्यापर्यंतची चाल दोन्ही कुत्र्यांनी अनवाणी केली आहे आणि पंजांवर ओरखडाही उठलेला नाही. त्याच टेकड्यांवर वळीव कोसळून गेल्यानंतर गेलो, तेव्हा मात्र ढाण्याच्या गाद्या पांढुरक्या आणि सुरकुतलेल्या दिसल्या. कातडी तासन्‌तास पाण्यात राहिली की फुगते आणि मऊ पडते आणि मऊ पडलेल्या कातडीला बेसॉल्टचा खरखरीत कातळ व त्यावरचा गोल खड्यांचा मुरूम सहज सोलून काढतो. म्हणजे पाऊस आणि कातळ यांतले एकटे कोणीच फारसे नुकसान करत नाही. आधी पाऊस आणि मग कातळ, या क्रमाने ते होते. आपल्या डोंगरांत परतीच्या पावसात नेमका हाच क्रम दिवसातून अनेकदा घडतो.

यावर उपाय म्हणून ढाण्यासाठी जाड रबरी तळाचे, वरून जलरोधक कापडाचे बूट ऑनलाइन मागवले होते. शिवण मजबूत होती, तळाची पकड चांगली होती, आणि शहरातल्या तापलेल्या रस्त्यावर ते आजही उपयोगी आहेत. सह्याद्रीच्या धारेवर मात्र या जातीच्या बुटांविषयी माझे मत पूर्ण बदलले आहे. पद्मावती माचीवरून निघताना गवत ओले होते, वाटेत डबकी होती आणि ढाण्याला एकही डबके टाळता येत नाही. पाणी बुटाच्या तोंडातून आत गेले, आणि कापड जलरोधक असल्यामुळे आतच साचून राहिले. आळू दरवाज्यापर्यंत त्याचे पंजे त्या पाण्यात भिजत होते, आणि पाण्याबरोबर आत शिरलेला बारीक मुरूम प्रत्येक पावलाला गादीवर घासत होता. मिरी डबक्यांना वळसा घालते, थांबल्यावर पंजे चाटून कोरडे करते, आणि अनवाणी असल्यामुळे तिच्या पायांना वारा लागतो. तफावतीचे उत्तर इतके सरळ होते.

जखम मागच्या पायांच्या मधल्या बोटांनाच का झाली, याचाही उलगडा मला छायाचित्रे पुन्हा पाहताना झाला. सपाटीवर कुत्र्याचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असते, म्हणून मी आजवर पुढच्या पंजांचीच अधिक काळजी घेत आले. चढावर मात्र वजन मागे सरकते, रेटा मागच्या पायांचा असतो आणि पंजाच्या चार बोटांपैकी मधली दोन बोटे जमिनीला सर्वाधिक भिडतात. राजगडाची चढाई त्याने त्या दोन बोटांवर रेटून केली होती. उतरताना फक्त परिणाम दिसू लागला. थांब्यावर पंजे तपासताना मागचे आधी पाहावेत, असा क्रम मी आता ठेवला आहे.

परत आल्यावर हे बूट घेऊन मी आमच्या पेठेतल्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी बूट उलटापालटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, आत आलेलं पाणी बाहेर जाणार कुठून?” त्यानंतर आमचे बोलणे पाणी अडवण्यावरून पाणी काढून देण्यावर आले. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ बुटांचा संच बाळगण्याचा नियम आहे, आणि ते बूट रबरी तळाचे नसून साध्या कॉर्ड्युरा कापडाच्या, मनगटावर एका पट्टीने आवळलेल्या पिशव्या असतात. तिथला शत्रू बोटांमध्ये गोठणारा बर्फ आहे आणि आपला मुरूम व पाणी, तरी पातळ, स्वस्त, भराभर बदलता येणारे बूट ही कल्पना आपल्यालाही लागू पडते. कॉर्ड्युरातून पाणी आत येते तसेच बाहेरही जाते. तळ पातळ असल्यामुळे कुत्र्याला पायाखालचा दगड जाणवतो आणि बोटे फाकवता येतात, हा फायदा तर मला टिकाऊपणापेक्षाही मोठा वाटतो.

काकांनी शिवलेल्या पहिल्या जोडाला वेताळ टेकडीवर नेले. माप घेताना कुत्र्याचा शेजारचा पाय उचलून धरावा, म्हणजे कागदावर टेकलेल्या पंजावर पूर्ण वजन येते आणि तो पसरतो. बसलेल्या कुत्र्याच्या पंजाचे माप घेतले, तर बूट हमखास घट्ट होतो. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे दोन मापे लागतात. डबक्यातून बाहेर आल्यावर काही पावलांतच बुटातले पाणी निथळून गेले, आणि टेकडी उतरल्यावर गाद्या काळ्या, कोरडसर आणि सुरकुतीविना होत्या. महिन्याभराच्या वैतागानंतर हे दृश्य पाहताना मला फार समाधान वाटले.

दोन अडचणी मात्र राहिल्या. पहिली, मुरूम बुटाच्या तोंडातून अजूनही आत येतो. त्यासाठी मनगटाला ताणला जाणाऱ्या कापडाचा चार बोटे उंच काठ जोडून पाहिला आहे आणि तो बराचसा यशस्वी आहे. दुसरी अडचण कुसळांची. पावसाळा संपता संपता धारेवरचे गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे वेल्क्रोमध्ये इतकी भरतात, की पट्टी धरेनाशी होते. ही कुसळे बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरली की आत सरकत जातात, म्हणून वेल्क्रोपुरता हा प्रश्न नाही. पंजाच्या बेचक्यातले केस कात्रीने आखूड ठेवणे आणि प्रत्येक थांब्यावर बोटे फाकवून पाहणे याला पर्याय नाही. बोहरी आळीत चपटे इलॅस्टिक आणि लहान बकल मिळाले, पण बकल कारवीत अडकते. सध्या वेल्क्रोवरून स्वतःलाच चिकटणाऱ्या क्रेप पट्टीचे दोन सैल वेढे देत आहे. ती पट्टी आवळून बांधल्यास पंजाचा रक्तप्रवाह अडतो, त्यामुळे पट्टीखाली आपले बोट सहज सरकले पाहिजे आणि प्रत्येक विश्रांतीला बूट काढून पंजाची सूज पाहिली पाहिजे.

मेणाविषयी अनेकांनी विचारले होते. मधमाश्यांचे मेण आणि खोबरेल समप्रमाणात घेतलेला लेप मी थंडीत वापरत असे. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपासच पातळ होते, तर मेण वितळायला साठ अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे उन्हाने तापलेल्या कातळावर तो लेप पुसला जातो. आता तीन भाग मेण आणि एक भाग खोबरेल असे घट्ट मिश्रण करते आणि ते चालीच्या आदल्या रात्री न लावता निघताना, कोरड्या गादीवर लावते. रात्रभर तेल मुरवून गाद्या मऊ करणे डोंगरासाठी घातक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

खिंडीत ढाण्याची जखम सलाइनने धुतली, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावले, गॉज ठेवून सैल पट्टी बांधली आणि एका पिकअपमधून वेल्ह्याला आलो. पशुवैद्यांनी नवी कातडी येईपर्यंत डोंगर बंद ठेवायला सांगितला होता आणि ती आता आली आहे. आपल्या सॅकमधली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. जठराला आणि मूत्रपिंडाला त्यामुळे गंभीर इजा होते. वेदनाशामक द्यायचेच असेल, तर ते पशुवैद्यांनी त्या कुत्र्याचे वजन पाहून दिलेलेच असावे.

पुढचा बेत आधीच्याच दिशेने, म्हणजे सिंहगडाहून तोरण्याकडे, करायचा असे ठरले होते. हे सगळे लिहून काढताना मात्र लक्षात आले, की या दिशेने गेल्यास सर्वांत अवघड टप्पा सर्वांत शेवटी, थकलेल्या आणि भिजलेल्या पंजांनी, बहुधा दुपारच्या गडगडाटात येतो. बुधला माचीखालचा मुरमाचा घसारा, कातळटप्पा आणि लोखंडी शिडी हे तिन्ही तिथेच आहेत. शिडीवर कुत्र्याला उचलून वर न्यायचे म्हणजे अठ्ठावीस किलो वजन गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढवायचे. त्याऐवजी तेच वजन दोन ठिकाणी कडी असलेल्या हार्नेसला दोर लावून खाली सोडणे कितीतरी सोपे आणि कुत्र्यासाठीही शांत असते. म्हणून चाल उलटी करायची. पहाटे वेल्ह्याहून तोरणा चढायचा, समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंचीच्या या गडाचा सर्वांत मोठा चढ कुत्रे ताजे असतानाच संपवायचा, मेंगाईच्या देवळाजवळच्या टाक्याचे पाणी गाळून भरून घ्यायचे, आणि दव वाळल्यावर बुधला माचीवरून दोराने उतरायचे. धारेवर पाण्याचा भरवसा नसल्याने प्रत्येक कुत्र्यामागे दोन लिटर पाणी मी सॅकमध्ये घेईनच. साचलेल्या डबक्यातले पाणी पिऊ देत नाही, कारण लेप्टोस्पायरोसिसची लस घेतलेली असली तरी ती सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही.

दुपारी गडगडाट सुरू झाला तर भुतोंड्याची खिंड ही बाहेर पडण्याची जागा पुन्हा हाताशी राहील. नाहीतर संजीवनी माचीने राजगडावर चढून, पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्यांनी उतरून गावात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी विंझरमार्गे कल्याण दरवाज्याने सिंहगड. गुंजवण्याच्या बाजूची चोर दरवाज्याची वाट कुत्र्यांसाठी टाळायची आहे, कारण तिथल्या खड्या टप्प्यावर माणसाला रेलिंगचा आधार मिळतो आणि कुत्र्याला काहीच मिळत नाही.

बुटांचे नियोजनही यातून बदलले. सुरुवातीला वाटत होते, की बूट पूर्ण चालीत घालायचे. आता ओल्या कातळावर बूट काढून नखांची पकड मोकळी करायची आणि मुरमावर व डांबरावर बूट चढवायचे, असे ठरवले आहे. प्रत्येक पायासाठी तीन बूट सोबत असतील आणि भिजलेले बूट सॅकच्या बाहेरच्या जाळीत वाळत राहतील. मिरीला तूर्त फक्त मागच्या पायांचे घालून पाहणार आहे, आणि तिला ते आवडले नाहीत तर तिचा अनवाणीपणा तसाच राहू देणार आहे.

या पावसानंतर बुधला माचीवरून कोणी उतरले असेल, तर शिडीच्या वरच्या टोकाशी दोर बांधण्याजोगा भक्कम लोखंडी खांब आहे की कातळातला मेखांचा आधार वापरावा लागेल, आणि खालच्या बाजूला कुत्रा सुरक्षित उभा राहील इतकी सपाट जागा आहे का, हे कळवावे. त्यावरून दोराची लांबी ठरवायची आहे.