मेळघाटात पावसाळ्यातले दहा दिवस: स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी

जुलै ते सप्टेंबर या काळात पुण्या-मुंबईकडच्या स्वयंसेवकांच्या तुकड्या लेकरांची तब्येत बघायला मेळघाटात जातात. या दिवसांत घरातलं जुनं धान्य संपत आलेलं असतं, नव्याला अवकाश असतो, हगवण आणि न्यूमोनिया वाढतात, त्यात ओढे-नाले चढले की दवाखानाही लांब पडतो. लहान लेकरांना हाच काळ जड जातो. धारणी तालुक्यातल्या एका कोरकू गावातल्या मुक्कामावरून पुढच्यांना उपयोगी पडेल तेवढं इथं दिलं आहे.

मुंबईहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस सकाळी अमरावतीला सोडते. तिथून परतवाडा ५० किलोमीटरच्या आसपास, पुढे सेमाडोह, हरिसाल करत धारणी. सगळं मिळून दीडशेच्या आत-बाहेर, पण मध्ये घाट आहे, एसटीचे पाच तास धरून चला. सिपना, खापरा चढल्या तर किती, याचा हिशेब नाही. पर्याय म्हणून बऱ्हाणपूरला उतरून ऐंशीएक किलोमीटर रस्त्यानं धारणी गाठता येते. पुढे जीप, नाहीतर मुक्कामी एसटी: संध्याकाळी गावात येते, रात्री तिथंच थांबते, पहाटे परत. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा चालकाला वेळ विचारण्यात अर्थ नाही. किती सीट राहिल्या ते विचारा. पैसे धारणीतच काढा, तेही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत.

पहिले दोन दिवस सगळ्यांचे सारखेच वाया जातात. सकाळी दहाला वही घेऊन निघायचं आणि गाव रिकामं सापडायचं. निंदणी-रोवणीच्या दिवसांत बाया-माणसं लवकर वावरात जातात, अंगावर पिणारं बाळ आईबरोबर जातं आणि घरी धाकट्याला कडेवर घेऊन सात-आठ वर्षांची बहीण असते. तिला औषधाचा डोस समजावून काही होत नाही. म्हणून घरभेटी उजाडल्यापासून लोक निघेपर्यंत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधले सात-आठ तास झोप, कपडे वाळवणं, नोंदी आणि विहिरीच्या कामाला. कोरकू गावात घरं रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ओळीनं असतात, त्यामुळे एका टोकाहून निघालं की घर सुटत नाही. एका फेरीत आठ-दहा घरं पुष्कळ झाली. ओसरीवर बसा, चहा आला तर घ्या, लेकराचा विषय तिसऱ्या वाक्याला काढा. बाजाराच्या दिवशी फेरीच ठेवू नका.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथालीची नातेवाईक; मराठीच्या आधारानं ती कळत नाही. पाण्याला ‘डा’ म्हणतात एवढं आलं तरी लोक हसून जवळ येतात. बोलणं साध्या हिंदीत होतं. ‘दवाई दी क्या?’ला ‘हाँ’ हे उत्तर शिष्टाचाराचं असतं. त्याऐवजी पाकीट आणून दाखवायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. बाळाच्या पोटावर डाग दिसले तर तो डंबा, म्हणजे तापलेल्या सळईनं दिलेला चटका. तिथल्या तिथं आईला रागावलात तर पुढच्या खेपेला ते घर तुम्हाला बाळ दाखवणार नाही. जखम बघा, ताप बघा, आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला सांगा. जो पडियार, म्हणजे गावचा वैदू, डंबा देतो त्याच्याशीही बोलणं ठेवा, कारण लेकरू आजारी पडलं की आधी तिथं जातं.

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. ११५ मिलिमीटरखाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; १२५ पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम. पट्टी ओढून घट्ट केली की निरोगी मूलही लाल दिसतं. नवख्यांची हीच चूक होते. टांगत्या वजनकाट्याला रिकामी झोळी अडकवून शून्य जुळवा, आणि झोळी ओली झाली तर पुन्हा जुळवा. हगवण लागलेल्या लेकराला ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलेलं घरोघर दिसतं. तसं खारट पाणी अपाय करतं. सोबत लिटरची खूण केलेली बाटली न्या, भाषणापेक्षा ती जास्त कामाची. हगवणीवर ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, म्हणजे तुम्ही परतल्यावरही. तो भाग आशाताईंच्या वहीत गेलाच पाहिजे.

दहा दिवसांत पुरं होणारं आणि मागे उरणारं काम म्हणाल तर विहिरीचं पाणी शुद्ध करण्याचं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीत मिळते, पण पोतं उघडं राहिलेलं असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो आणि हातात नुसता चुना येतो. वास नाकात झोंबला नाही तर ती पावडर घेऊ नका. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाऊण बादली भरा, दहा मिनिटं चुना बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढा. ती बादली दोरानं विहिरीत सोडून खालीवर हलवा. गाळ विहिरीत टाकू नका. हे सगळं रात्री, शेवटचा हंडा भरून झाल्यावर. दिवसा केलं की बाया वासानं विहीर सोडून नाल्यावर जातात आणि सगळी मेहनत उलटी पडते. पहाटे ओटी टेस्ट लावा, पाण्यात क्लोरीन उरला का ते तिच्यानं कळतं. पिवळसर रंग आला तर ठीक. मोठा पाऊस पडून विहिरीत गढूळ पाणी उतरलं की पुन्हा मोजमाप.

सामानात जीन्स नको, चार दिवस वाळत नाही. मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा हे नुसत्या डासांसाठी नाही. बॅटरी, दोन दुपट्टे, प्लास्टिकचे बंद सँडल. मुलांना वाटायला बिस्किटं नेऊ नका: तिसऱ्या दिवशी तुमच्यामागं बिस्किटांसाठीच रांग लागते आणि वजनाला कुणी थांबत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वही आशाताईंसमोर पानापानानं वाचा: लाल पट्टीची लेकरं, झिंकचे उरलेले दिवस, विहिरीची पुढची तारीख. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, मुक्कामी गाडी उजाडायच्या आत सुटते.