तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घसरगुंडीत बघायचं काय?

दर जानेवारीत एका शनिवारी ऑस्ट्रियात स्कीइंगची डाउनहिल शर्यत असते, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरून कमीत कमी वेळात खाली उतरायची. त्या दिवशी मी कुणाचाच फोन उचलत नाही. मामाचा तर नाहीच, कारण तो एकच विचारणार, "अगं, एक जण वरून घसरत येतो, मग दुसरा येतो. त्यात बघायचं काय?" म्युनिकला माझ्याकडे येणारे पाहुणेही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सांगते.

टीव्हीवर काही कळत नाही, हे मान्य. कॅमेरा उतार सपाट करून टाकतो. मलाही कळलं ते जुलैमध्ये, बर्फाचा पत्ता नसताना.

ऑस्ट्रियातल्या किट्सब्युल गावामागे हानेनकाम नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ कोंबड्याचा तुरा. उंची जेमतेम 1,712 मीटर, म्हणजे आल्प्सच्या मानाने टेकाडच. त्याच्यावरून उतरते ती श्ट्राइफ ही वाट. उन्हाळ्यात तिच्यावर गायी चरतात आणि माझ्यासारखे हौशी लोक पायी फिरतात. वरून निघून थोडं उतरले नाही तोच माउझफाले आला, म्हणजे उंदराचा सापळा. तिथे उतार 85 टक्क्यांपर्यंत जातो: शंभर मीटर पुढे जाताना पंच्याऐंशी मीटर खाली. मी दोन पावलं टाकली, गवत धरलं आणि सरळ बसून घसरत उतरले. शेजारी गाय निवांत रवंथ करत उभी होती. इथेच शर्यतीतले खेळाडू सुटल्यापासून काही सेकंदांत शंभरचा वेग ओलांडून हवेत झेपावतात. आणि खाली मऊ बर्फ नसतो, बरं का. बर्फात पाणी मुरवून तो गोठवलेला असतो, पार फरशीसारखा.

पुढचा श्टाइलहांग हा वळणांचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. ती नुसती वळणं नाहीत, तो हिशेब आहे. त्याच्या पुढे जवळजवळ सपाट पट्टा लागतो. वळणातून बाहेर पडताना वेग गेला की सपाटीवर तो परत मिळत नाही. म्हणून सगळे बाहेरच्या जाळीला घासतील इतके जवळून जातात. आता पुन्हा टीव्ही लावाल तेव्हा एवढी एकच जागा बघा. शेवटाकडे पायांचा भुगा झालेला असताना हाउसबेर्गकांटेची उडी येते, आणि तिच्याखालचा उतार एका बाजूला कललेला. शेवटच्या सरळ धावेत वेग ताशी 140 किलोमीटरच्या घरात.

एकूण 3,312 मीटर लांबी, 860 मीटर उतार. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपला घाम निघतो, त्याहून जास्त उंची हे लोक दोन मिनिटांच्या आत उतरतात. फ्रिट्झ श्ट्रोबलने 1997 मध्ये 1 मिनिट 51.58 सेकंदांत उतरून जो विक्रम केला, तो अजून टिकून आहे.

"पण ऑलिंपिक मोठं ना?" हा मामाचा पुढचा प्रश्न. पदकासाठी मोठं, हो. पण अक्सेल लुंड स्विंदालचं बघा. नॉर्वेच्या या खेळाडूने 2018 मध्ये ऑलिंपिकची डाउनहिल जिंकली, श्ट्राइफवरची डाउनहिल मात्र त्याला कधीच जिंकता आली नाही. उलट 2016 मध्ये त्याच हाउसबेर्गकांटेपाशी पडून गुडघा जायबंदी करून बसला. ऑलिंपिकचा डोंगर बहुतेक वेळा नवा असतो. हा मात्र तोच. हानेनकामची शर्यत 1931 पासूनची, त्यामुळे नातू आजोबांच्याच वळणावर पडतो. स्विस दिदिये कुश इथली डाउनहिल पाच वेळा जिंकला, ऑस्ट्रियाचा फ्रांझ क्लामर चार वेळा. स्कीइंगच्या विश्वचषकाची कल्पनाही 1966 च्या जानेवारीत याच डोंगरावरच्या एका झोपडीवजा खानावळीत शिजली, आणि पुढच्याच हिवाळ्यात ती स्पर्धा सुरू झाली.

जिंकणाऱ्याचं नाव इथे रोपवेच्या डब्यावर लिहितात. त्या जुलैत मला उरलेली श्ट्राइफ पायी उतरायचा धीर झाला नाही. माझ्या हाताला गवताचे ओरखडे, फुलपँटच्या मागच्या बाजूला हिरवा डाग. परत वर चढून रोपवेच्या रांगेत उभी राहिले, तर समोर आलेल्या डब्यावर क्लामरचं नाव! तो डबा मी सोडला. पुढच्या डब्यात बसले.