नाशिक ते त्र्यंबक सायकलने, आणि वाटेत सापडलेला कर्रकर्र आवाज

रविवारी पहाटे मित्र आणि मी त्र्यंबकला जाऊन आलो, सीबीएसपासून (नाशिकचा मध्यवर्ती बस स्टँड) एका बाजूने साधारण २८-३० किमी. जाताना बराचसा हलका चढ आहे म्हणून मुद्दाम हा रोड घेतला, सायकलचा आवाज शोधायचा होता आणि चढावर जोर लागला की आवाज लपत नाही. सातपूर उजाडायच्या आत पार करा, नंतर गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

पपया नर्सरीच्या पुढे शांत झालं आणि कर्र सुरू, दर पायडलला. एका दुकानात नुसतं ऐकून सांगितलेलं की बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) गेली, बदला. पण फ्रेम पोकळ असते, आवाज होतो एकीकडे आणि ऐकू येतो भलतीकडून, म्हणून पार्ट बदलायच्या आधी एकेक शक्यता बाद करत जा. उभं राहून पायडल मारले, आवाज गायब, बसलो की परत. म्हणजे सीट नाहीतर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा).

अंजनेरी फाट्यावर चहा सांगितला आणि सीटपोस्ट उपसला. ग्रीसचा पत्ता नाही, पावसातली बारीक माती घट्ट बसलेली, एका बाजूला घासून चकाकी आलेली. (काढायच्या आधी उंचीला चिकटपट्टी लावा.) पोस्ट आणि नळी आतून पुसली, गॅरेजवाल्या दादांनी बोटभर ग्रीस दिलं, बसवलं, आवाज बंद! कार्बनचा पोस्ट असेल तर ग्रीस अजिबात नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

पुढे मित्राच्या सायकलला टक, तेही दोन-तीन पायडलला एकदाच. चेनचा एक फेरा व्हायला तेवढे पायडल लागतात, म्हणून चेन हळूहळू उलटी फिरवली तर मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणारा भाग) छोट्या चाकावरून जाताना एक कडी उडी मारत होती. ती दोन्ही हातांनी हलकेच आडवी वाकवून मोकळी केली, थेंबभर तेल, झालं.

परतीच्या उतारावर पायडल थांबवून बघा, तरी आवाज येत असेल तर आधी चाकं, हब (चाकाचा मधला भाग), स्पोक, ब्रेक तपासा.

सोबत अॅलन कीचा सेट, १५ चा पाना, चिंधी, चेन ऑइल आणि ग्रीसची छोटी डबी असू द्या. पायडल काढून आट्याला ग्रीस लावल्यानेही पुष्कळ आवाज जातात, फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दिशा बघा. आणि डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा हात डिस्कला लावू नका, ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही.