नेपरव्हिल म्हणजे शिकागोच ना?

भारतात गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, ‘नेपरव्हिल म्हणजे शिकागोच ना?’ एरवी मी ‘हो हो’ म्हणून मोकळी होते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिकागो आमच्या नेपरव्हिलपासून पन्नासेक किलोमीटर लांब. आणि आमचं गाव काही त्याचं शेपूट म्हणून वसलेलं नाही. जोसेफ नेपर १८३१ मध्ये इथे ड्यूपेज नदीकाठी येऊन राहिला. शिकागोला गावाचा दर्जा मिळाला १८३३ मध्ये. झाडं होती ती नदीच्या आसपास, बाकी नजर पोचेल तिथवर गवत. प्रेअरी म्हणतात ती हीच. मी अकोल्याची, त्यामुळे इथल्या अंगणात पहिल्यांदा कुदळ मारली तेव्हा हरखलेच. काळीभोर माती, बुटांना लोंदा होऊन चिकटणारी! पण आपली काळी खडकाची, ही हजारो वर्षं कुजलेल्या गवताच्या मुळांची.

गाव चुकलं ते १८५०च्या सुमारास. शिकागोहून रेल्वे येत होती, पण गावकऱ्यांचा पैसा लाकडी फळ्यांच्या रस्त्यात गुंतलेला. रेल्वेला नको म्हणून बसले. ती गेली शेजारच्या व्हीटनवरून, आणि पुढे जिल्ह्याचं ठिकाणही तिकडेच गेलं. तेही कसं, तर १८६८ मध्ये व्हीटनची माणसं रात्री येऊन कचेरीतली दप्तरं उचलून घेऊन गेली. उरलेली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून शिकागोला हलवली, ती १८७१च्या आगीत खाक! नशीब म्हणतात ते हे.

दुसरी रेल्वे १८६४ मध्ये आली होती, तरी गाव निवांतच राहिलं. १९५० मध्ये वस्ती जेमतेम सात हजार. मग १९५८ मध्ये टोलरस्ता झाला, १९६६ मध्ये बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था आली आणि मक्याच्या शेतांवर कॉलन्या उठल्या. आज वस्ती दीड लाखाच्या घरात. त्याच रस्त्याकाठच्या एका ऑफिसात नवऱ्याला नोकरी लागली, म्हणून आम्हीही त्यातलेच. शेतं गेली म्हणून हळहळायचा मला तसा हक्क नाही.

आता गावातच स्प्रिंगब्रुक म्हणून अठराशे एकरांवर मूळचं गवत पुन्हा लावून वाढवलंय. सप्टेंबरात ते माझ्या डोक्यावर जातं. आई आली होती तेव्हा मोठ्या कौतुकाने तिला दाखवायला नेलं. तिने वाकून चिमूटभर माती बोटांत चुरली, आणि म्हणाली, ‘‘एवढ्या चांगल्या जमिनीत गवत कशाला लावलंय गं यांनी?’’