गाडी तापतेय की नुसते पाय भाजतायत?

स्पोर्ट बाईक घेतली की थोड्या दिवसांत हा प्रश्न येतोच, गाडी जाम तापते काय करू. आणि उत्तरं पण ठरलेली, मोठा रेडिएटर (कूलंट थंड करणारी पुढची जाळी) टाक, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेक, सायलेन्सरच्या पाईपला रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळ, भारीतलं कूलंट (इंजिनमध्ये फिरून ते थंड ठेवणारं द्रव) भर. माझं मत जरा वेगळं आहे, घरी करण्यासारखं सगळ्यात मोठं कूलिंग अपग्रेड म्हणजे कंपनीने दिलेली सिस्टीम पुन्हा नवीन असताना चालायची तशी चालवणं. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानेच भागतं.

आधी मीटर बघा. लिक्विड कूल्ड (कूलंटने थंड होणाऱ्या) गाडीत चालताना 80 ते 95 डिग्री आणि सिग्नलला उभं राहिल्यावर 100-105 पर्यंत जाणं यात काहीच बिघाड नाहीये. बऱ्याच गाड्यांचा फॅनच मुळी 100-105 च्या आसपास चालू होतो, मग तो रेडिएटरमधली गरम हवा थेट तुमच्या पायांवर सोडतो आणि आपल्याला वाटतं इंजिन गेलं. उलट फॅनची गरम हवा लागतेय म्हणजे उष्णता बाहेर पडतेय, सिस्टीम तिचं काम करतेय. पाय भाजणं हा फेअरिंगचा (गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिक कव्हरचा) आणि पँटचा प्रॉब्लेम आहे, इंजिनचा नाही. काळजी कधी करायची तर आकडा 110 च्या वर जाऊन तिथेच बसला, किंवा लाल दिवा लागला, किंवा रिझर्व्ह टाकी (पेट्रोलची नाही, जादा कूलंटची छोटी टाकी) उकळून ओव्हरफ्लो व्हायला लागली तर.

आता खरंच तापत असेल तर कधी तापते ते नीट बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. उभी असताना तापते पण पळायला लागली की दोन मिनिटांत खाली येते, म्हणजे कूलंट फिरतंय, रेडिएटर ठीक आहे, हवा कमी पडतेय, सरळ फॅनकडे जा. उलट हायवेला चांगल्या स्पीडला असताना आकडा चढत असेल तर फॅनचा काही संबंध नाही, तेव्हा समोरून फॅनपेक्षा कितीतरी जास्त हवा येत असते, मग कूलंट कमी असेल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला असेल, वॉटर पंप असेल. हा फरक न बघता लोक थेट पार्ट ऑर्डर करतात याचं मला नेहमी नवल वाटतं.

फॅनचं चेकिंग सोपं आहे. फ्यूज, रिले (फॅनला करंट देणारा स्विच), कनेक्टर बघायचा, आणि फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढे एक कागद धरायचा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे बसून समोरची हवा ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटला पाहिजे. पुढे उडाला तर कोणीतरी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात, फॅन फिरतोय पण गाडी चालली की समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतोय (काही जुन्या मॉडेलमध्ये फॅन पुढेच हवा फेकायचा, म्हणून आधी मॅन्युअल बघा). फॅन लवकर चालू व्हावा म्हणून हँडलवर स्विच लावतात ते मला आवडतं, फक्त तो मूळ टेंपरेचर स्विचला पॅरलल लावा, म्हणजे तुम्ही विसरलात तरी ऑटोमॅटिक चालू होईल. आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गाडीचं चार्जिंग कमीच असतं, त्यात बॅटरी म्हातारी असेल तर तासभर फॅन चालवून गाडी स्टार्टच होणार नाही.

रेडिएटर बाहेरून साफ करणं सगळ्यात स्वस्त काम आणि तेच कोणी करत नाही. फेअरिंग उतरवा आणि बघा, किडे, माती, चेनच्या तेलाचा चिकटा, खड्यांनी चपटे झालेले फिन (रेडिएटरच्या जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या). मागच्या बाजूने पुढे असं साध्या पाईपने हळू पाणी मारायचं, प्रेशर वॉशर अजिबात नको, फिन क्षणात आडवे होतात. वाकलेले फिन बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक करून सरळ करा, कंटाळवाणं आहे पण गाणी लावून बसलं की होतं, फक्त फिनच्या मधल्या चपट्या नळ्यांना टोक लागू देऊ नका. तेव्हाच रेडिएटरच्या बाजूचे फोम आणि आतले प्लॅस्टिकचे पॅनल जागेवर आहेत का ते पण बघा. गाडी कधी पडून बाहेरची स्वस्त फेअरिंग बसवलेली असेल तर हे हमखास गायब असतात. हवा आळशी असते, जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निघून जाते, फट बंद केली की तीच हवा रेडिएटरमधून जाते. दगडांसाठीचा गार्ड लावलाय? त्याची भोकं फार बारीक असतील तर तो पण हवा अडवतोच.

कूलंटबद्दल गैरसमज खूप. पाणी कमी करून कूलंट जास्त टाकलं म्हणजे जास्त थंड असं नसतं, उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं, ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आहे ते उकळणं आणि गोठणं लांबवायला आणि सोबतची औषधं गंज रोखायला. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं, पाण्यासोबत निम्मं निम्मं केलं तर उणे 37 पर्यंत टिकतं. म्हणून 50:50, पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्याने आत क्षार बसतात. सिलिकेट नसलेलं घ्या, वॉटर पंपच्या सीलला बरं, आणि रंगावर जाऊ नका, रंगाचं काही स्टँडर्ड नाहीये. रेस ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉल चालतच नाही कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो.

रेडिएटर कॅप हा दुर्लक्षित हिरो. 50:50 मिश्रण उघड्यावर 107 च्या आसपास उकळतं, पण 1.1 बारची कॅप प्रेशर धरून ठेवते तेव्हा 125 च्या पुढे जातं. रबर कडक झालं की प्रेशर राहत नाही, कूलंट लवकर उकळतं, आणि मग लोक मोठा रेडिएटर शोधत बसतात. कॅप बदला, सोबत रिझर्व्ह टाकीची बारीक नळी पण बघा, चिरली असेल तर इंजिन थंड होताना कूलंटऐवजी हवा आत ओढते. हे सगळं गाडी पूर्ण थंड असतानाच, गरम कॅप उघडली तर तोंडावर येईल.

कूलंट बदललं की हवा काढणं महत्त्वाचं. कॅप उघडी ठेवून थंड इंजिन स्टार्ट करा, गाडी डावी उजवी हलवा, नळ्या दाबा, बुडबुडे येतील तसं भरत जा, लेव्हल स्थिर झाली की कॅप लावून फॅन चालू होईपर्यंत थांबा, दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा लेव्हल बघा. जुनं कूलंट बाहेर ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात, डब्यात बंद करून ठेवा.

थर्मोस्टॅट काढू नका प्लीज. इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. शंका असेल तर भांड्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन गरम करा, त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला तर तो निर्दोष.

पाईपला रॅप लावला तर पायाला थोडं बरं वाटतं, कूलंटचा आकडा मात्र जवळपास तिथेच राहतो, आणि आत पाणी साठून पाईप गंजतो तो वेगळाच. मोठा रेडिएटर ट्रॅकवाल्यांसाठी ठीक. आणि हवा काढून झाली तरी कॅप उघडी असताना बुडबुडे थांबतच नसतील, किंवा कूलंट कुठे सांडत नाही तरी कमी होतंय आणि गरम इंजिनमध्येही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या आणि लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघतात ती) करून घ्या, तोपर्यंत गाडी चालवू नका.