किलोमीटर विसरा, खाड्या मोजा

स्प्लेंडरवर कोकणातून फिरून आलो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोमीटर झाले? सागरी रस्त्याच्या बाबतीत या प्रश्नाला काही अर्थ नाही. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसणाऱ्या पट्ट्याला कधी दीड तास लागतो, कधी अर्धा दिवस. खाडी किती वाजता गाठली आणि बोट कुठल्या काठाला होती, यावर ते ठरतं. मी हरिहरेश्वरपासून राजापूर तालुक्यातल्या कशेळीपर्यंत शक्य तितका समुद्राच्या बाजूनं गेलो आणि अणुस्कुरा घाटानं वर आलो. शंभर सीसीची गाडी, मागे एक बॅग, टूलकिट, जादा ट्यूब. दिवाळी होऊन गेलेली, भातं कापून झालेली, रस्ते कोरडे. यासाठी वर्षातले हेच दिवस मला सगळ्यात आवडतात.

पुणे ते हरिहरेश्वर लवकर उरकतो. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. या रस्त्यावर शनिवार-रविवार टाळा, एवढंच.

खरी गंमत बागमांडल्याच्या जेटीपासून. इथं सावित्री समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेशवी, म्हणजे रत्नागिरी. फेरीबोटीवर मोटारसायकल चढवायला काही शिकावं लागत नाही, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. बोटीची लोखंडी फळी ओली आणि चिकट असते, तिच्यावर ब्रेक मारायचा नाही. पहिल्या गियरमध्ये, पाय मोकळे ठेवून, एका दमात आत जायचं. आत गेल्यावर गाडी गियरमध्येच ठेवून साइड स्टँडवर लावायची आणि शेजारी उभं राहायचं, कारण पत्र्यावर स्टँड सरकतो. मोठ्या गाड्या आधी बसवतात, आपल्याला उरलेल्या फटीत सरकवतात. माझी एकदा टेम्पो आणि माशांच्या रिकाम्या क्रेट यांच्या मध्ये गेली. पुढचा सगळा प्रवास हँडलला बोंबलांचा वास होता.

वेशवीहून बाणकोटचा किल्ला आणि वेळास करून परत आत वळलो. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता ते कासवांमुळे जास्त ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली ती २००२ च्या सुमाराची गोष्ट. कासवांची पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-मार्चनंतर जायला हवं. माझ्या वेळी किनाऱ्यावर दोन कुत्री होती.

मांदिवलीच्या पुलावरून केळशी, मग आडे, पाडले, आंजर्लं. ज्यानं कोणी हा रस्ता आखला त्याला घाई नव्हती हे नक्की. माडांच्या आणि पोफळींच्या वाड्यांतून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे तांबड्या दगडाची कुंपणं, मध्ये जेमतेम एक एसटी जाईल एवढी वाट. आणि नेमकी एसटी येतेच. अशाच एका बोळात समोरून लाल गाडी आली. कंडक्टर खाली उतरला, माझ्याकडे बघून हातानं 'मागे, मागे' केलं. मागे एक दूधवाला, त्याच्या मागे डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोन बायका. स्प्लेंडर हलकी म्हणून तिचं मागचं चाक उचलून मी ती एका घराच्या अंगणात, तुळशीपाशी आडवी लावली. घरातल्या आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, ‘‘रोजचंच हाय ते. बसा, पानी देते.’’ एसटी गडग्याला घासत गेली. इथं एसटीचा मान पहिला, त्यात काही गैर नाही. दापोलीला शिकायला जाणारी पोरं तिच्यातच असतात.

इथून पुढे मला या रस्त्याची चाल समजायला लागली. कोकणच्या या किनाऱ्यावर वर सडा आणि खाली खाडी, मध्ये घाटी, एवढंच पुन्हा पुन्हा येतं. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट माथं. पावसाळ्यात तिथं फुलं असतात, नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं आणि वारा गाडीला बाजूनं ढकलतो. सड्यावर चौथ्या गियरमध्ये मोकळं जायचं. मग रस्ता एकदम दुमडतो, आकड्यासारखी दोन-तीन वळणं घेत खाली उतरतो, झाडी दाट होते, ओल लागते, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, येतो, गाव येतं, देऊळ येतं, खाडी येते. पूल असला तर पलीकडे तेवढंच वर चढायचं. पूल नसला तर थांबायचं. वाट विचारली तर लोकही किलोमीटर सांगत नाहीत. ‘‘ही घाटी उतरा, पुढची चढा, की आलंच.’’ मी सुरुवातीला मोबाइलवर अंतर बघत होतो, नंतर घाट्याच मोजायला लागलो. त्या हिशेबानं संध्याकाळचा अंदाज जास्त बरोबर येतो.

सड्यावरच्या वळणांवर एक धोका असतो, तो सांगून ठेवतो. ठिकठिकाणी चिरेखाणी आहेत, म्हणजे बांधकामासाठी जांभा दगड काढायच्या खाणी. चिरे भरलेले ट्रक बाहेर पडतात तिथं तांबडी खर आणि माती डांबरावर पसरलेली असते. वळणात पुढचा ब्रेक लावला की चाक सुटलंच. खाण दिसली की आधीच गियर खाली आणायचा आणि ब्रेकला हातच लावायचा नाही.

हर्णैला सुवर्णदुर्ग लांबून बघितला. संध्याकाळी माशांचा लिलाव चालू होता, त्या गडबडीत गाडी घालायची माझी हिंमत झाली नाही. मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरं.

कोळथरं मागे टाकून दाभोळच्या दिशेनं सड्यावर होतो. उतार लागायच्या आधी गियर कमी करायला क्लच दाबला तर लिव्हर मोकळीच मुठीत आली. वायर तुटली होती, वरच्या निपलपाशीच, म्हणजे लिव्हरमध्ये अडकणाऱ्या टोकाच्या गोळीपाशी. क्लचशिवाय उभी गाडी चढावर काढणं अवघड, पण चालती गाडी उतरवणं जमतं. गॅस किंचित सोडायचा, टाचेनं मागचा पॅडल दाबायचा, एक हिसका बसतो आणि गियर पडतो. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. दुसऱ्यात मात्र मग तसाच राहिलो, कारण पुढची सगळी घाटी खालीच जाते. दोन म्हशींसाठी गती कमी करावी लागली, तेव्हा इंजिन घुसमटलं पण बंद पडलं नाही. सपाटीला एखाद्या तिठ्यावर थांबावं लागलं असतं तर मला गाडी ढकलतच न्यावी लागली असती. दाभोळच्या जेटीवर सरळ ब्रेक दाबला, गाडी हिसका देऊन बंद. बोट नुकतीच सुटलेली. म्हणजे वेळ भरपूर होता.

जुनी सवय म्हणून मी दुसरी क्लच वायर पहिल्याच्याच शेजारी, हँडलपासून इंजिनपर्यंत टायनं बांधून ठेवतो. दोन्ही टोकांना ग्रीस आणि प्लॅस्टिक. डिकीत गुंडाळी करून ठेवलेल्या वायरीला बाक येतो, शिवाय ओवायला टाकी उचकटावी लागते. शेजारी बांधलेली असली की फक्त टोकं बदलायची. टूलकिट उघडून बसलो. थोड्या अंतरावर जाळं सांधत बसलेले एक काका उठून आले.

‘‘वायर तुटली काय ओ? पुण्याहून?’’

‘‘हो काका. आहे दुसरी.’’

‘‘मग आधी खालचं टोक अडकवा. वरचं मागनं.’’

त्यांचं बरोबर होतं. वरचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून घ्यायचा, म्हणजे वायरीला ढील मिळते. मग इंजिनच्या उजव्या बाजूला क्लचचा आर्म पुढे ओढून त्यात खालचं टोक बसवायचं. शेवटी वर येऊन ॲडजस्टर, त्याचं नट आणि लिव्हर या तिघांच्या खाचा एका रेषेत आणायच्या आणि निपल आत सरकवायचं. मी निपल बसवणार तेवढ्यात काकांनी थांबवलं. त्यांनी खिशातली कॅरीबॅग काढली, तिचा कोपरा दातानं तोडला, तो कोन वायरीच्या वरच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधला आणि होडीच्या इंजिनाचं तेल त्यात ओतलं. वायर वर-खाली हलवत राहिले. तेल हळूहळू कव्हरमधून खाली उतरलं, पार खालच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत. ‘‘हितं खारं वारं. बाहेरनं दिसत नाय, आतनं गंजते. तुमची जुनी बघा.’’ जुनी ओढून काढली. कव्हरच्या आतली तार तपकिरी झालेली, हाताला भुकटी लागत होती. क्लचला बोटभर मोकळीक ठेवून नट आवळलं. काकांना चहा देऊ केला तर म्हणाले, ‘‘चाय नको, मशेरी लावून बसलोय.’’ आणि परत जाळ्याकडे गेले.

या गडबडीत पुढची बोटही गेली. मी तिच्यानंतरचीनं गेलो.

दाभोळ हे बहमनी काळातलं नावाजलेलं बंदर. सतराव्या शतकातली अंडा मशीद अजून उभी आहे. वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे, त्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड आणि एके काळी एन्रॉननं गाजलेला वीजप्रकल्प. फेरीबोट नसती तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा, शंभर किलोमीटरच्या वर. बोटीत माझ्या शेजारी एक बाई लहान मुलाला घेऊन होत्या, मुलाला ताप होता, त्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या. रेवस ते रेड्डी असा सलग सागरी मार्ग करायची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांची. आता खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं (एमएसआरडीसी) हाती घेतलं आहे. पूल झाले की आमच्यासारख्यांची फेरीबोटीची मजा जाईल, असं हळहळणारे मला भेटतात. मला नाही तसं वाटत. तापलेलं मूल घेऊन जेटीवर बोटीची वाट बघणाऱ्याला विचारा. झाले पूल तर मी पुलावरून जाईन.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीच्या दशभुज गणपतीच्या अलीकडे घरगुती जेवणात गरम मोदक मिळाले. तिथलं बामणघळ, म्हणजे समुद्राचं पाणी उसळणारी कातळातली भेग, बघायचं तर भरतीची वेळ साधावी लागते. मी गेलो तेव्हा ओहोटी होती, भेगेत नुसतं पाणी कुजबुजत होतं. तवसाळहून जयगडला पुन्हा फेरीबोट. ही शास्त्री नदीची खाडी. जयगडहून रीळ-उंडी, वरवडे, मालगुंड. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, तिथं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो, कारण बाहेर ऊन फार होतं. गणपतीपुळ्याची गर्दी टाळून आरे-वारेला आलो. या रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मी नवीन काय लिहू.

रत्नागिरीच्या पुढे भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीचा सडा गाठला. इथं कातळावर हत्ती कोरलेला आहे. पन्नास फुटांहून लांब. त्याच्या पोटात आणि अंगावर इतर किती तरी प्राणी. गाडीवरून जाताना काहीही दिसत नाही, खाली उतरून चालत गेलं तरी पहिल्या नजरेत नुसता काळपट कातळच. मग ऊन तिरपं पडलं की पायाची रेषा सापडते, तिच्या मागे गेलं की सोंड. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी वर्षानुवर्षं असे सडे पायाखाली घालून ही कातळशिल्पं उजेडात आणली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. ज्या सड्यावरून आपण चौथ्या गियरमध्ये सुसाट जातो, तिथं हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी बसून हत्ती काढला, हे कळल्यावर पुढचे दोन-तीन सडे मी उगाचच हळू चालवले. अर्थात दिसलं काहीच नाही.

आडिवऱ्याच्या महाकालीला जाऊन ओणीला हायवे ओलांडला. रायपाटण, पाचल आणि अणुस्कुरा. राजापूर बंदराचा माल कोल्हापूरकडे याच बाजूनं वर जायचा. जुनी फरसबंदी वाट अजून आहे, शिलालेखही आहे. रस्ता चांगला, वाहनं कमी, माकडं भरपूर. स्प्लेंडर बहुतेक घाट दुसऱ्यात चढली. वर आल्यावर हवा कोरडी झाली, अंगाचा चिकटपणा गेला. बाजारभोगाव, कळे, कोल्हापूर, मग महामार्ग.

घरी आल्यावर गाडी आधी साध्या पाण्यानं दोनदा धुतली, चेन रॉकेलनं पुसून तेल दिलं. गॅरेजवाल्यानं दोन्ही ब्रेकचे ड्रम उघडले तर आत तांबड्या मातीचा थर. लायनर शिल्लक होते, कागदानं घासून परत बसवले. नवीन क्लच वायर घेऊन पुन्हा शेजारी बांधून टाकली, आणि आता तिच्यासोबत ॲक्सिलरेटरचीसुद्धा. दोन्हींत कॅरीबॅगचा कोन लावून आधीच तेल सोडलंय.