किती आणे दुखतंय?

घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करायला लागून मला अकरा वर्षं झाली. सांगली, मिरज आणि तासगावकडची काही गावं. पिशवीत कोनमापक, शिंप्याची टेप, खडू आणि गुडघा बदललेल्या प्रत्येक माणसासाठी एक शंभर पानी वही. वही त्यांच्याच घरी राहते, उशाशी नाहीतर टीव्हीच्या कपाटात.

वहीत पहिला रकाना दुखण्याचा. कॉलेजात शिकवलं होतं, शून्य ते दहामध्ये आकडा विचारा. मी तसंच विचारायचे आणि सगळे "पाच" म्हणून मोकळे व्हायचे. तासगावजवळच्या एका काकूंनी मला वाट दाखवली. "दहात कसं सांगू बाई? काल बारा आणे होतं, आज आठ आण्यांवर आलंय." तेव्हापासून माझा रकाना आण्यांचा. सर्जनना कळवायचं असेल तर दहात बसवून देते, पण वहीत आणेच. सत्तरीच्या माणसाला आणे सांगताना अडखळावं लागत नाही, आणि न अडखळता आलेलं उत्तर मला जास्त खरं वाटतं.

मग टेप. वाटीच्या मधोमध घेर मोजायचा, दोन्ही गुडघ्यांचा. सूज किती उतरली ते डोळ्यांना कळत नाही, टेपला कळतं. खडूने फरशीवर खुर्चीपासून तीन मीटरवर रेघ मारते. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जाऊन वळायचं, परत येऊन बसायचं. लागलेले सेकंद वहीत. घरातली नातवंडं हे काम हौसेनं करतात, मोबाइलवर वेळ लावून "आजी, कालच्यापेक्षा चार कमी!" म्हणून ओरडतात.

कोनाचे रकाने मात्र दोन, आणि खरं तर त्यासाठीच आज लिहायला बसले.

भेटायला आलेला प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वाकला?" नव्वद, शंभर, एकशे दहा. वाकायला हवाच, खुर्चीतून धड उठायला साधारण नव्वद अंश लागतात, जिना उतरायलाही तेवढेच. पण गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही. सरळ पायावर उभं राहायला मांडीच्या स्नायूला फारसे कष्ट पडत नाहीत. दहा अंश वाकलेल्या पायावर तोच स्नायू सारखा राबत राहतो, माणूस लंगडतो, लवकर दमतो, कंबर धरते.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एक आजोबा, उत्साही. गुडघा दर आठवड्याला जास्त वाकायचा, मी ठळक अक्षरात आकडा लिहायचे आणि घरभर आनंद. सहाव्या आठवड्यात ते अंगणात चालताना मी मागून पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. कोनमापक लावला तर सरळ व्हायला बारा अंश कमी. ते दिवसरात्र गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत होते. तशी उशी घेतली की बरं वाटतं, सगळेच घेतात. मी रोज त्या खोलीत जात होते, ती उशी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि दुसरा रकानाच नसल्यामुळे मी मोजलंच नव्हतं. पुढे पाच महिने घासून बारावर होतं ते चारवर आलं. पहिल्याच आठवड्यात पाहिलं असतं तर त्यांचे ते पाच महिने वाचले असते. हे मी विसरलेले नाही.

आता पहिल्या दिवशी मी उशी काढते आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली देते. गुडघा अधांतरी, आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचा. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुखतं. काकूंनी तर मला सरळ शिव्या दिल्या होत्या.

पोटरी एकाएकी फुगली, दाबल्यावर कळ आली, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण रक्ताची गुठळी असू शकते. जखम पाझरली, ताप आला तरी तेच. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत असतं. गुडघा काही महिने कोमट लागणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधीर वाटणं, आतून टकटक आवाज येणं, हे बहुतेकांना होतं. त्याला घाबरू नका.

तिसऱ्या आठवड्यात माणूस खचतो. पाहुणे यायचे थांबलेले असतात, गोळ्या कमी झालेल्या, रात्री ठणका. "उगाच केलं ऑपरेशन" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलंय. तेव्हा मी समजूत घालत बसत नाही. वही मागे उलटते. काकूंना दाखवलं होतं: बाराव्या दिवशी बारा आणे, मोरीपर्यंत वॉकर; आज आठ आणे, काठी. त्या बराच वेळ पानावर बोट ठेवून बसल्या.

तीन महिन्यांनी ऑक्सफर्डची प्रश्नावली भरून घेते. १९९८ साली तयार झालेली, बारा प्रश्न, एकूण अठ्ठेचाळीस गुण. चांगली आहे, रात्रीचं दुखणं, जिना, बाजारहाट, सगळं विचारते. पण पाटावर बसता येतं का, हे तिच्यात नाही, आणि आमच्याकडच्या बायकांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून तळाला मी माझे प्रश्न जोडते. एसटीची पहिली पायरी चढता येते का? बेदाणा निवडायला किती वेळ बसवतं, आणि खुर्चीवर की खाली? खाली बसायचं की नाही ते ज्याच्या-त्याच्या सर्जनने ठरवायचं, पण हवंय काय ते तरी कागदावर येऊ दे.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा, असं मी सगळ्यांना पाठ करून घेते. काकूंचा डावा गुडघा बदललेला. चौथ्या महिन्यात गेले तर वहीत त्यांच्या हातची ओळ होती: "सोमवार. एसटीने तासगाव. पायरी डाव्या पायाने चढले. दोन आणे."

"उजवा आधी सांगितला होता ना, काकू?"

"बघायचं होतं, पेलतोय का."

मी कोनमापक काढला. सरळ व्हायला अजून तीन अंश कमी आहेत. टॉवेल चालू ठेवलाय.